शरीराची शाळा
(हीरक महोत्सवानिमित्त दिलेल्या भाषणाचा मजकूर)



हीरक महोत्सवाचे निमित्त साधून आजचा विषय निवडला आहे तो शरीराच्या रोगप्रतिकारशक्तीचा. उत्सवाच्या व्यासपीठावर रोगांची चर्चा कशासाठी, असे एखाद्याच्या मनात येईल. त्याचे उत्तर बंगळूरच्या इतिहासातच आहे.

22 जून 1897 रोजी व्हिक्टोरिया राणीच्या कारकिर्दीचा हीरक महोत्सव देशभर साजरा झाला. त्या दिवशी म्हैसूरच्या राजप्रतिनिधी महाराणी केंपनंजम्मण्णी यांनी बंगळुरात एका रुग्णालयाची कोनशिला बसवली. आजच्या के. आर. मार्केटजवळचे व्हिक्टोरिया हॉस्पिटल ते हेच. त्याच रात्री पुण्यात, गणेशखिंडीतील समारंभाहून परतणाऱ्या प्लेग-अधिकारी रँडवर चापेकर बंधूंनी गोळ्या झाडल्या. साथ आवरण्याच्या नावाखाली सैनिक घराघरांत शिरत होते, देवघर आणि माजघर यांचा मुलाहिजा ठेवत नव्हते, माणसांना जबरदस्तीने छावण्यांत नेत होते. रोग आधीच भयंकर होता, आणि त्यात उपायांविषयीचीही भीती मिसळली.

ही साथ मुंबईत सप्टेंबर 1896 मध्ये उघडकीस आली होती. मांडवी भागातील रुग्ण तपासून हा गाठीचा प्लेग आहे, असे निदान केले ते मूळचे गोव्याचे डॉ. अकासिओ गाब्रिएल व्हिएगस यांनी. पुण्यात प्लेगच्या रुग्णांची शुश्रूषा करताना सावित्रीबाई फुले यांना लागण झाली आणि 10 मार्च 1897 रोजी त्यांचे निधन झाले. ऑगस्ट 1898 मध्ये हुबळीकडून रेल्वेमार्गाने रोग बंगळुरात पोहोचला. दाट वस्तीच्या पेठा रिकाम्या झाल्या. मल्लेश्वरम् आणि बसवनगुडी या रुंद रस्त्यांच्या, मोकळ्या हवेच्या वसाहतींना त्यानंतर वेग आला. शहरातील ‘प्लेगम्मा’ची देवळे त्या भयाची आठवण आजही जपून आहेत.

याच काळात मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात वाल्डेमार हाफकिन हे शास्त्रज्ञ अपुऱ्या जागेत आणि मोजक्या साहाय्यकांसह प्लेगवरील लस तयार करत होते. त्यांनी प्लेगचे जंतू वाढवले, उष्णतेने मारले आणि 10 जानेवारी 1897 रोजी त्या मृत जंतूंची लस सर्वप्रथम स्वतःलाच टोचून घेतली. परळची हाफकिन संस्था आज त्यांचेच नाव चालवते. मेलेले जंतू टोचल्याने जिवंत जंतूंपासून रक्षण कसे होते? या एका प्रश्नाच्या उत्तरात रोगप्रतिकारशक्तीचे सारे शास्त्र सामावले आहे.

शरीराचे संरक्षण तीन पायऱ्यांनी चालते. पहिली पायरी म्हणजे तटबंदी. अखंड त्वचा, नाकाघशातील चिकट स्राव, डोळ्यांतील अश्रू आणि जठरातील तीव्र आम्ल यांमुळे बहुसंख्य जंतू शरीरात शिरूच शकत नाहीत.

तटाला भगदाड पडले, तर दुसरी पायरी कामाला लागते. रक्तातील आणि ऊतींमधील भक्षक पेशी आलेल्या जंतूंना गिळतात आणि रासायनिक संदेश सोडून आणखी कुमक मागवतात. गुडघा खरचटल्यावर ती जागा लाल होते, सुजते, गरम लागते; ती याच धावपळीची खूण. ताप हादेखील पुष्कळदा शरीराने स्वतःहून योजलेला उपाय असतो. मात्र ही फौज सर्व शत्रूंशी सारख्याच पद्धतीने लढते, तिला कोणाची खास ओळख नसते.

तिसरी पायरी सर्वांत विलक्षण, कारण येथे शिक्षण आहे. लिम्फोसाइट नावाच्या श्वेतपेशींचे मुख्यतः दोन वर्ग असतात. ‘बी’ पेशी अस्थिमज्जेत तयार होतात आणि प्रतिपिंडे निर्माण करण्याचे काम करतात. ‘टी’ पेशींचा जन्मही अस्थिमज्जेतच होतो, पण शिक्षणासाठी त्या छातीच्या हाडामागील थायमस ग्रंथीत जातात. तेथे त्यांची कठोर परीक्षा होते. जी पेशी काहीच ओळखू शकत नाही ती बाद होते, आणि जी स्वतःच्याच शरीरावर हल्ला करू पाहते तीही बाद होते. बहुसंख्य पेशी या परीक्षेत अनुत्तीर्ण होतात. उरलेल्या थोड्या पेशींना शरीराचे रक्षण करण्याचा अधिकार मिळतो. शत्रूला ओळखण्याइतकेच आप्ताला न दुखावणेही या शाळेत महत्त्वाचे मानले जाते.

नवा जंतू प्रथम आला, की त्याला नेमकी जुळणारी पेशी शोधून तिची संख्या वाढवायला शरीराला आठवडा-दोन आठवडे लागतात. दुर्बल शरीराजवळ तेवढा अवधी नसतो. पण लढाई जिंकल्यावर काही पेशी ‘स्मृतिपेशी’ म्हणून मागे राहतात. तोच जंतू पुन्हा आला, तर त्या फार लवकर आणि फार मोठ्या प्रमाणात प्रतिकार उभा करतात. लस म्हणजे याच स्मृतीचा पाठ, आणि तो रोगाची किंमत न मोजता शिकता येतो. हाफकिन यांच्या लसीतील मृत जंतूंना रोग निर्माण करता येत नव्हता, तरी त्यांची ओळख शरीराला पटत होती.

या पाठांनी काय साधले, ते शब्दांत सांगण्याजोगे आहे. पिढ्यान्पिढ्या मुलांचे डोळे आणि प्राण हिरावणारा देवीचा रोग जगातून गेल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने 1980 मध्ये जाहीर केले. भारतातील नैसर्गिक पोलिओचा अखेरचा रुग्ण जानेवारी 2011 मध्ये आढळला आणि मार्च 2014 मध्ये देशाला पोलिओमुक्तीचे प्रमाणपत्र मिळाले. आज शाळेच्या प्रांगणात धावणाऱ्या मुलांना पोलिओने लुळा पडलेला सवंगडी पाहावा लागत नाही, हे त्या दोन थेंबांचे श्रेय.

उलट, ही स्मृती पुसलीही जाऊ शकते. गोवर हा केवळ पुरळ आणि तापाचा आजार आहे, असा समज आढळतो. 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात, लस न घेतलेल्या मुलांच्या रक्तातील इतर जंतूंविरुद्धची प्रतिपिंडे गोवरानंतर 11 ते 73 टक्क्यांपर्यंत घटलेली आढळली. म्हणजे गोवर जाताना, शरीराने वर्षानुवर्षे गिरवलेली पाटी पुसून जातो. गोवराची साथ रोखायची, तर समाजातील सुमारे 95 टक्के लोक संरक्षित असावे लागतात. कर्करोगावर उपचार घेणाऱ्या मुलाला काही लसी देता येत नाहीत. त्याचे रक्षण त्याच्या शेजारी बसणाऱ्या मुलाने घेतलेली लस करत असते.

आता रोजच्या आचरणाविषयी. ‘प्रतिकारशक्ती वाढवा’ अशा जाहिरातींचा अलीकडे सुकाळ झाला आहे. प्रतिकारशक्ती ही नुसती वाढवत नेण्याची गोष्ट नव्हे, ती समतोल राखण्याची आहे. ती भलत्याच गोष्टींवर उसळली तर ॲलर्जी होते. स्वतःच्याच सांध्यांवर उलटली तर आमवातासारखा संधिवात होतो. स्वादुपिंडातील पेशींवर उलटली तर बालवयातील मधुमेह जडतो. काढा, हळदीचे दूध यांनी घशाला आराम वाटत असेल, तर ते अवश्य घ्यावे. पण ते लसीची जागा घेत नाहीत.

शरीराला लागते ते साधेच आहे. प्रतिपिंडे ही प्रथिनांची बनलेली असतात. म्हणून डाळ, उसळ, दूध, अंडी यांपैकी काही ना काही रोज ताटात हवे. नाचणीची भाकरी असो वा बंगळूरची रागी मुद्दे, धान्य एकच आणि गुण एकच. पालेभाज्या, आवळा, पेरू ही महागड्या डब्यांतील चूर्णांपेक्षा स्वस्त आणि खात्रीची. किशोरवयीन मुलांना आठ ते दहा तासांची झोप हवी. रात्री उशिरापर्यंत मोबाईल पाहणारा विद्यार्थी अभ्यासाबरोबर प्रकृतीचेही नुकसान करून घेतो. रोज मैदानावर घाम गाळावा, जेवणापूर्वी साबणाने हात धुवावेत, तंबाखूपासून दूर राहावे. साध्या सर्दीसाठी प्रतिजैविके मागू नयेत. ती विषाणूंवर चालत नाहीत, आणि मनाला येईल तशी घेतल्याने जंतू मात्र निर्ढावतात.

पालकांसाठी एक विशेष विनंती आहे. बाळाच्या लसींचे कार्ड आपण जपून ठेवतो, पण मूल शाळेत जाऊ लागले की ते कपाटात विसावते. राष्ट्रीय वेळापत्रकानुसार पाच ते सहा वर्षांच्या दरम्यान घटसर्प, डांग्या खोकला आणि धनुर्वात यांच्याविरुद्ध पूरक मात्रा असते. पुन्हा दहाव्या आणि सोळाव्या वर्षी धनुर्वात व घटसर्प यांची लस असते. ही तिन्ही वये शाळेची आहेत. स्मृतीला उजळणी लागते, हे शिक्षकांना सांगण्याची गरज नाही. शरीरालाही तीच लागते. या मात्रा सरकारी आरोग्य केंद्रात विनामूल्य मिळतात. आज घरी गेल्यावर ते कार्ड काढून एकदा तपासावे.

आणि शेवटची गोष्ट विश्वासाची. सक्तीचा विरोध केवळ पुण्यात झाला नाही. म्हैसूर संस्थानातही श्रीरंगपट्टणजवळच्या गंजाम येथे दंगल उसळली. लोक अडाणी होते म्हणून ते बिथरले, असे म्हणून चालणार नाही. त्यांना कोणी समजावून सांगितले नव्हते. जे काम तेव्हा बंदूकधारी सैनिकांवर सोपवले गेले, ते खरे तर शिक्षकाचे होते: मातृभाषेत, समजेल अशा शब्दांत, प्रश्न विचारण्याची मुभा देऊन सांगण्याचे. मराठी शाळेतील मुलगी आपल्या आजीला तिच्याच भाषेत लसीचे कारण समजावून सांगते, तेव्हा ते काम पूर्ण होते. साठ वर्षे ज्ञानदान करणाऱ्या संस्थेने हे कार्य पुढेही असेच चालू ठेवावे, या शुभेच्छांसह सर्व विद्यार्थ्यांना निरोगी दीर्घायुष्य लाभो.