हुकूम मंत्रालयाचा, भुर्दंड नगरपालिकेला!



मालकाने साचेवाल्याला सांगितले, "आजपासून दोनाचे चार साचे चालव!" पण सूत दिले दोनाचेच, आणि संध्याकाळी कापड कमी भरले म्हणून वर दंड केला. खाते गप्प बसेल काय? घटकाभरात साचे बंद पडतील! मग तोच कारभार आपल्या नगरपालिकांशी चालतो, तेव्हा आपण गप्प का?

१९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने पाणीपुरवठा, साफसफाई, आरोग्य, झोपडपट्टी-सुधारणा अशी १८ कामे शहरांसाठी परिशिष्टात लिहिली. कामांची यादी झाली. पण करांची यादी कुठे आहे? नाही! कोणता कर नगरपालिकेला द्यायचा, हे राज्याचे विधिमंडळ ठरवणार. म्हणजे झाडू नगरपालिकेच्या हाती आणि तिजोरीची किल्ली मंत्रालयात!

मुंबईचेच बघा. जानेवारी २०२२ मध्ये राज्य सरकारने ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांचा मालमत्ता कर माफ केला. चांगले झाले! गरिबाला सवलत मिळालीच पाहिजे. पण औदार्य मंत्रालयाचे आणि घट महापालिकेच्या उत्पन्नात, हा कुठला न्याय? ही घट भरून निघाली नाही तर कात्री कुणावर चालते? बंगलेवाल्यावर नव्हे. त्याचा डॉक्टर खासगी, त्याची शाळा खासगी. महापालिकेची शाळा, दवाखाना आणि चाळीतला नळ, हे आपले आहेत!

सरकार म्हणेल, भरपाई देणे जमायचे नाही. का नाही जमायचे? १ जुलै २०१७ ला मुंबईची जकात गेली, तेव्हा याच विधिमंडळाने भरपाईचा कायदा केला आणि त्यात दरसाल ८ टक्के वाढही घातली. एकदा जमले, ते दर वेळी जमले पाहिजे! अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात लोकांनी १९७८ साली मतदान करून राज्यघटनेतच घालून घेतले, की राज्याने गावांवर नवे काम लादले तर त्याचा वाढीव खर्च राज्यानेच सोसावा.

१ मे १९६० ला महाराष्ट्र मिळाला, तो कारभार लोकांच्या दारी यावा म्हणून. दिल्लीकडे वाटा मागणाऱ्याने गल्लीचा वाटा अडवू नये!

म्हणून मागणी एकच: जो हुकूम देईल, त्याने पैसा द्यावा, आणि हे कायद्यात लिहावे. मत मागायला येईल त्याला चाळीच्या जिन्यातच अडवा आणि विचारा, "काम सांगता, पैसा कोण देणार?" उत्तर मिळेपर्यंत जिना सोडू नका.

हुकमाबरोबर पैसा आलाच पाहिजे!