शब्द एक, अर्थ अनेक
(केंद्रातील शिक्षकांच्या सभेत केलेले भाषण)



आज मी माझ्याच एका चुकीपासून प्रारंभ करतो. काही वर्षांपूर्वी सहावीच्या वर्गात ‘द स्प्रिंग वॉज ड्राय’ हे वाक्य मी भाषांतरास दिले. एका मुलाने लिहिले, ‘वसंत ऋतू कोरडा होता.’ मी त्यावर लाल रेघ ओढली, वर्ग हसला. घरी आल्यावर टिपणवही चाळली, तेव्हा ध्यानात आले की, ‘स्प्रिंग म्हणजे वसंत’ एवढेच मी फळ्यावर लिहून दिले होते. मुलाने माझेच शिकवणे मला परत केले होते. चूक माझी, आणि रेघ मात्र त्याच्या वहीत!

या शब्दाचे मूळ पाहिले, म्हणजे सारे अर्थ एका सूत्रात ओवलेले दिसतात. जुन्या इंग्रजीत हे क्रियापद होते व त्याचा अर्थ उसळणे, उडी घेणे. भूमीतून उसळून वर येते ते पाणी, म्हणजे झरा. दाबून सोडताच उसळते ती तारेची गुंडाळी, म्हणजे बॉलपेनातील स्प्रिंग. आणि हिवाळ्यातील निष्पर्ण फांदीतून पालवी उसळून बाहेर येते तो काळ, म्हणजे वसंत. या ऋतूस इंग्लंडात पूर्वी ‘लेंट’ म्हणत. ‘स्प्रिंग’ हे नाव सोळाव्या शतकापासून रूढ झाले. क्रियापद तर आजही जिवंत आहे : स्प्रिंग, स्प्रँग, स्प्रंग.

परंतु प्रत्येक शब्दाची गोष्ट अशीच असते, असे नव्हे. ‘फेअर’ म्हणजे जत्रा, आणि ‘फेअर’ म्हणजे सुंदर, गोरा, न्याय्य. येथे मुळात दोन निराळे शब्द आहेत. पहिला सणाच्या दिवसाचा वाचक अशा लॅटिन शब्दापासून फ्रेंचमार्गे आला. दुसरा जुन्या इंग्रजीतलाच. कालांतराने त्यांचे रूप एक झाले इतकेच. तेथे ओढूनताणून नाते जोडू नये.

हे दोन्ही प्रकार मुलांस नवे नाहीत. झाडाचे पान, पुस्तकाचे पान, पंगतीत मांडलेले पान, विड्याचे पान : हा एकाच शब्दाचा विस्तार. ‘जलपान’ यातील ‘पान’ मात्र ‘पिणे’ या अर्थाच्या संस्कृत धातूपासून आलेले, ते वेगळे. ‘पान वाढले’ आणि ‘पान उलटले’ यांत आपले मूल कधी गोंधळत नाही, कारण शेजारचे शब्द त्यास वाट दाखवितात. हीच वाट इंग्रजीत दाखवावयाची.

म्हणून माझी सूचना अशी. सुटा शब्द व त्यापुढे एक अर्थ, अशी यादी देऊ नये. शब्द वाक्यासह द्यावा. मग मुलांस विचारावे, ‘शेजारी कोण बसले आहे?’ शेजारी ‘वॉटर’ असेल तर बहुधा झरा. ‘फ्लॉवर्स’ किंवा ‘एप्रिल’ असेल तर बहुधा ऋतू. ‘क्लॉक’ असेल तर बहुधा तारेची गुंडाळी. आरंभ मात्र मुलाच्या खिशातील पेनापासून करावा, कारण तो अर्थ त्याच्या बोलण्यात आधीच आलेला आहे. महाराष्ट्रात सन २००० पासून पहिलीतच इंग्रजी सुरू झाले; तेव्हा ही सवय लहान वयातच लावता येते.

दुसऱ्या दिवशी मी वर्गासमोर माझी चूक सांगितली व ती रेघ स्वहस्ते खोडली. तरीही त्या मुलाचा हात पुन्हा वर येण्यास दिवाळी उलटावी लागली. शब्दाचा अर्थ एका तासात दुरुस्त होतो. मुलाचा धीर इतक्या लवकर परत येत नाही. लाल शाई उचलण्यापूर्वी आपण काय शिकविले होते, हे एकदा आठवावे, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.