अर्धे गुण घोड्याचे

अमेरिकेंतील माँटाना राज्यांत रॉकी पर्वताच्या पायथ्याशीं ब्लॅकफीट लोकांचें राखीव क्षेत्र आहे. अठराव्या शतकांत घोडा येण्यापूर्वीं त्यांचीं ओझीं कुत्रीं ओढीत; म्हणून त्यांनीं घोड्यास ‘हरिण-कुत्रा’ अशा अर्थाचें नांव दिलें. पुढें ज्यांवर जमात जगे ते बायसनांचे कळप नष्ट झाले. १८८३-८४ च्या हिवाळ्यांत सुमारें ६०० माणसें उपासमारीनें मेलीं. घोड्याची सोबत मात्र सुटली नाहीं.

आजहि तेथें रोडिओसाठीं घोडे वाढवितात. उसळत्या घोड्यावर ८ सेकंद टिकावयाचें. एक हात दोराला, दुसरा मोकळा. तो घोड्यास लागला कीं स्वार बाद. एकूण गुण १००; त्यांत अर्धे स्वाराचे, अर्धे घोड्याचे! ही उसळी चाबकानें शिकवितां येत नाहीं. ती रक्तांतच असावी लागते. म्हणून उसळणाऱ्या घोडीचें शिंगरूं मोकळ्या कुरणांत वाढवितात आणि त्याची रग जपतात.

मीं मात्र शाळेंत जन्मभर गप्प बसणाऱ्या मुलांनाच गुण दिले. एका उनाड मुलाची रग छडीनें जिरविली. तिच्याबरोबर त्याची बुद्धीहि विझली. त्याचे अर्धे गुण माझ्याकडे अजून बाकी आहेत.