पाण्याच्या शोधात भाताचे मूळ

(हीरक महोत्सवी समारंभात एका माजी विद्यार्थ्याने केलेले भाषण)



नोकरीनिमित्त बंगळूरूस जाऊन मला पुष्कळ वर्षे झाली. तरी भात म्हटला की डोळ्यांपुढे येते ती कोल्हापूरच्या पश्चिम भागातील धूळवाफ पेरणी. रोहिणी नक्षत्रात कोरड्या रानात कुरीने भात पेरायचा आणि आभाळाकडे डोळे लावायचे. एका वर्षी उगवणीनंतर पावसाने ओढ दिली. वीतभर पीक वाळून गेले. वडील काही बोलले नाहीत. आपल्या शाळेतील गुरुजींनी मात्र वाळलेले एक रोप वर्गात आणले, त्याची आखूड मुळे दाखविली आणि म्हणाले, “ओल खाली होती; मूळ तिथवर पोचले नाही.”

याच प्रश्नावर बंगळूरूच्या कृषी विज्ञान विद्यापीठात डॉ. एच. ई. शशिधर आणि त्यांचे सहकारी वर्षानुवर्षे काम करीत होते. आयआर-६४ हे भरघोस पिकणारे, पण उथळ मुळांचे वाण. फिलिपिन्सच्या वरकस रानातील अझुसेना खोल मुळांचे. या दोहोंच्या संकरातून निघालेल्या रोपांत खोल मुळांचा गुण कोणाकडे आला, हे डीएनएमधील खुणांवरून ओळखून निवड झाली. त्यातून २००७ साली ‘एमएएस ९४६-१’ हे वाण प्रसारित झाले. त्याचे दुसरे नाव ‘शारदा’. विद्येच्या देवतेचे नाव लाभलेला हा भात चिखलणी, लावणी आणि साचलेले पाणी यांवाचून येतो. थेट पेरावा आणि ज्वारीसारखा अधूनमधून भिजवावा.

पाण्यावाचून पिकणारा भात मात्र हा नव्हे. शिवाय बांधीतले साचलेले पाणी तण दाबून ठेवते. ते नसले की भांगलणीचे कष्ट वाढतात, आणि ते बहुधा बायाबापड्यांच्याच वाट्याला येतात. त्याचा विचार झाला नाही, तर वाण कितीही चांगले असले तरी शेतकरी ते टिकवणार नाही.

तरीही ही वाट सोडता येणार नाही. मंड्याची भातशेती आणि बंगळूरूची तहान एकाच कावेरीवर विसंबून आहे. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने बंगळूरूच्या पिण्यासाठी ४.७५ टीएमसी पाणी वाढवून दिले. नदी मात्र तेवढीच राहिली. न्यायालय पाण्याची वाटणी करू शकते, पाऊस पाडू शकत नाही. शेतातली बचत शेतातच व्हावी लागते.

गुरुजी आज हयात नाहीत. त्यांनी वाळक्या रोपाला दोष दिला नाही. ते उपटून आम्हांस त्याचे मूळ पाहावयास लावले. पालकहो, मुलांना असे पाहावयास शिकविणारी शाळा आपल्याला लाभली आहे. तिला जपावे, एवढीच विनंती.