विद्यार्थ्याच्या खिशात मावणारं लंडन

(नांदेड इथल्या विद्यार्थी मेळाव्यातल्या भाषणाचं शब्दांकन)



लातूर, उदगीर, अहमदपूर, देगलूर, कंधारहून सकाळच्या एसटीनं आलेल्या मित्रमैत्रिणींनो, आणि मागच्या रांगेत बसलेल्या पालकांनो,

संयोजकांनी मला विषय दिलाय: विद्यार्थ्याच्या बजेटमध्ये युरोपातलं मोठं शहर कसं पाहायचं? मी एक वर्ष लंडनला शिकायला होते, म्हणून लंडनबद्दलच बोलते. पण आधी एक गैरसमज दूर करते. लंडन स्वस्त नाही. तिथं घरभाडं ऐकून आपल्याकडच्या माणसाला घाम फुटतो. एक पौंड म्हणजे शंभर रुपयांच्या वर. पहिल्या महिन्यात आपण प्रत्येक गोष्टीला शंभरानं गुणतो आणि मग चहासुद्धा घशाखाली उतरत नाही.

तरीही कमी पैशात ते शहर पाहता येतं. याचं कारण तुमची-माझी काटकसर नाही. त्या शहरानं काही गोष्टी सगळ्यांसाठी फुकट ठेवल्यात, म्हणून ते शक्य होतं. मला आज बोलायचंय ते याबद्दल.

आधी कागदपत्रांचं बोलू, कारण आपल्याकडची बरीच स्वप्नं तिथंच अडकतात. ब्रिटन शेंगेन देशांत नाही. लंडनचा व्हिसा काढला म्हणून पॅरिसला जाता येत नाही, त्यासाठी वेगळा व्हिसा लागतो. पर्यटक व्हिसावर तिथं नोकरी करता येत नाही. कुणी एजंट 'जा तर खरं, काम मिळेलच' म्हणाला तर त्याच्या ऑफिसातून उठून या. विद्यार्थी व्हिसासाठी फीशिवाय राहण्या-खाण्याचे पैसे खात्यात दाखवावे लागतात. लंडनसाठी हा आकडा महिन्याला दीड हजार पौंडांच्या आसपास आहे. तसे नऊ महिन्यांचे पैसे, आणि ते सलग २८ दिवस खात्यात असावे लागतात. 'पैसे दाखवून देतो, नंतर काढून घेऊ' असं सांगणारे लोक गल्लोगल्ली आहेत. खोटी कागदपत्रं सापडली तर दहा वर्षांपर्यंत ब्रिटनची दारं बंद होऊ शकतात. जमीन विकून, दागिने मोडून एजंटच्या हातात देऊ नका.

मग पैसा आणायचा कुठून? अल्पसंख्याक विद्यार्थ्यांच्या परदेशी शिक्षणाच्या कर्जावरचं व्याज भरणारी केंद्राची 'पढो परदेस' योजना २०२२-२३ पासून बंद झाली. व्याजाचा प्रश्न आपल्या अनेक घरांत धर्माचाही असतो, त्यामुळे हे जास्तच लागलं. पण दारं सगळी बंद नाहीत. ब्रिटिश सरकारची चिव्हनिंग शिष्यवृत्ती एक वर्षाच्या मास्टर्सची फी, विमानभाडं, राहण्याचा खर्च, सगळं देते. अट अशी की दोन वर्षांचा कामाचा अनुभव हवा आणि शिकून झाल्यावर दोन वर्षांसाठी मायदेशी परतायला हवं. कॉमनवेल्थ शिष्यवृत्ती आहे. आपल्या राज्य सरकारनंही अल्पसंख्याक विद्यार्थ्यांसाठी परदेशी उच्चशिक्षणाची शिष्यवृत्ती सुरू केली आहे. जाहिरात कधी निघते याच्यावर लक्ष ठेवा. अर्ज भरायला लाजू नका.

आता पोहोचल्यानंतरचं. हीथ्रो विमानतळावरून शहरात यायला महागडी एक्स्प्रेस गाडी आहे, आणि साधी मेट्रोही आहे. मेट्रोनं या. शहरात फिरायला लाल बस. बसमध्ये रोख पैसे घेत नाहीत, कार्ड टेकवायचं. मी होते तेव्हा एका फेरीचे १.७५ पौंड कापले जायचे, आणि तासाभरात दुसरी बस धरली तर तिचे वेगळे पैसे नव्हते. दिवसभर कितीही बस बदलल्या तरी एका मर्यादेनंतर पैसे कापणं थांबतं. वरच्या मजल्यावर पुढच्या सीटवर बसा. टूरिस्ट बसवाले याच रस्त्यांचे कितीतरी पट पैसे घेतात. आणि हेही लक्षात ठेवा, या शहराचा २०१६ पासूनचा महापौर सादिक खान हा अशीच बस चालवणाऱ्या माणसाचा मुलगा आहे.

खाण्याचं काय? अम्मी-अब्बांचा पहिला प्रश्न हाच असतो: हलाल मिळतं का? मिळतं, पूर्व लंडनमध्ये तर सहज. पण रोज बाहेर खाल्लं तर पैसे पुरणार नाहीत. लातूरला ट्यूशनसाठी खोली करून राहिलेल्या, चौघांत एक शेगडी आणि एक कुकर वापरलेल्या मुलांना हे मी काय सांगणार? खोलीवर डाळ-भात, सोबत डबा आणि पाण्याची बाटली. नळाचं पाणी पिण्याजोगं असतं.

आणि नांदेडकरांना तर आणखी एक गोष्ट शिकवावी लागत नाही. हुजूर साहिबला जगभरातून माणसं येतात. खिशात काही नसलं तरी लंगरमध्ये जेवतात, यात्री निवासात टेकतात. पश्चिम लंडनमध्ये साउथॉलला श्री गुरू सिंग सभेचा मोठा गुरुद्वारा आहे, २००३ साली बांधून झालेला. डोक्यावर रुमाल घ्या, चपला काढा, पंगतीत बसा. जेवण शाकाहारी असतं, म्हणजे हलालचा प्रश्नच नाही. तुम्ही नांदेडचे आहात असं तिथल्या सेवेकऱ्याला सांगून पाहा, आणि मग ताटात काय काय वाढलं जातं ते बघा.

रमजानमध्ये गेलात तर 'ओपन इफ्तार' शोधा. २०१३ साली सोआस या संस्थेतल्या विद्यार्थ्यांनी एका तंबूत हे सुरू केलं. घरापासून लांब असलेल्या मुलांना एकट्यानं रोजा सोडावा लागू नये, एवढाच विचार. आज ट्रॅफलगर चौकातसुद्धा असा इफ्तार होतो. कुठल्याही धर्माचा माणूस येऊन बसतो, पैसे लागत नाहीत.

पाहायचं काय, ते आता सांगते. तीन दिवस धरा.

पहिला दिवस ब्लूम्सबरीचा. ब्रिटिश म्युझियम १७५९ साली लोकांसाठी उघडलं. प्रवेश फुकट. आंध्रातल्या अमरावती स्तूपाची शिल्पं तिथं आहेत. ती तिथं कशी गेली हा प्रश्न मनात घेऊनच पाहा. तिथून चालत गॉर्डन स्क्वेअरच्या बागेत या. नूर इनायत खानचा अर्धपुतळा तिथं २०१२ साली बसवलाय. टिपू सुलतानच्या वंशातली ही मुलगी दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनची गुप्त वायरलेस ऑपरेटर म्हणून फ्रान्समध्ये उतरली, पकडली गेली आणि १९४४ मध्ये डाखाउच्या छळछावणीत मारली गेली. आणि ज्या टिपूला इंग्रजांनी मारलं, त्याचा लाकडी वाघ त्याच शहरातल्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहे. तोही फुकटच पाहता येतो. इतिहास किती गुंतागुंतीचा असतो, हे पुस्तकापेक्षा या दोन ठिकाणी लवकर कळतं.

दुसरा दिवस, १० किंग हेन्रीज रोड. बाबासाहेब १९२१-२२ मध्ये इथं राहिले. २०१५ साली महाराष्ट्र सरकारनं हे घर विकत घेतलं. तिथल्या कौन्सिलनं स्मारक-संग्रहालयाला परवानगी नाकारली होती. अपील झालं आणि २०२० मध्ये परवानगी मिळाली. बडोद्याची शिष्यवृत्ती संपली म्हणून १९१७ मध्ये त्यांना शिक्षण अर्धवट टाकून परतावं लागलं होतं. मुंबईत सिडनहॅम कॉलेजात शिकवून पैसे साठवले, शाहू महाराजांनी मदत केली, नवल भथेना या पारशी मित्राकडून पाच हजार रुपये उसने घेतले आणि १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले. तुटपुंजं खाणं, रात्री भूक लागली तर सोबतच्या विद्यार्थ्यानं दिलेले पापड. प्रवासाचे पैसे वाचवायला पायी चालणं. आणि सकाळपासून बंद होईपर्यंत ब्रिटिश म्युझियमची वाचनखोली. १९२१ मध्ये एम.एस्सी., १९२३ मध्ये डी.एस्सी. आणि बॅरिस्टरीही.

आपण ही गोष्ट त्यांच्या कष्टांची म्हणून सांगतो, आणि ती आहेच. पण तिची दुसरी बाजूही बघा. ज्याला आपल्या देशात शाळेत वेगळं बसवलं, पाण्याला शिवू दिलं नाही, त्याच्यासाठी त्या शहरात एक खोली होती. तिथं जात विचारली जात नव्हती आणि पुस्तक हातात मिळत होतं. त्याच इंग्रजांचं राज्य आपल्या डोक्यावर होतं, हे विसरायचं नाही. पण ती वाचनखोली नसती तर पापड खाऊन काढलेल्या रात्रींचं काय झालं असतं? त्या ग्रंथालयाची पुस्तकं आता सेंट पँक्रसच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत, आणि वाचकाचा पास आजही मोफत मिळतो.

तिसरा दिवस पूर्व लंडनचा. ब्रिक लेनवरची जामे मशीद जरूर पाहा. ही इमारत १७४३ मध्ये फ्रान्समधून पळून आलेल्या प्रोटेस्टंट निर्वासितांनी चर्च म्हणून बांधली. पुढे ते मेथडिस्टांचं प्रार्थनाघर झालं. १८९८ मध्ये ज्यूंचं सिनेगॉग, आणि १९७६ मध्ये बांगलादेशी मुसलमानांची मशीद. भिंती त्याच. एक समाज तिथून हलला की दुसऱ्या गरीब समाजाला तीच जागा मिळाली. जवळच अलताब अली पार्क आहे. अलताब अली हा कपड्याच्या कारखान्यातला तरुण बांगलादेशी कामगार. ४ मे १९७८ ला वंशद्वेषातून त्याचा खून झाला. त्याच्या शवपेटीमागे हजारो लोक पंतप्रधानांच्या घरापर्यंत चालत गेले. तिथल्या मुसलमानांना काही आयतं मिळालं नाही, हे या बागेत कळतं. आजही हिजाबवरून टोमणे ऐकावे लागतात. लंडन म्हणजे जन्नत नव्हे.

मैत्रिणींनो, आता तुमच्याशी. 'मुलीला एवढ्या लांब?' हा प्रश्न आज नव्यानं निघालेला नाही. १९०६ साली मुंबईची अतिया फैजी सरकारी शिष्यवृत्तीवर लंडनला शिक्षिकेचं प्रशिक्षण घ्यायला गेली. तिथं काय पाहिलं, काय खाल्लं, कुणाला भेटली, हे ती उर्दूत लिहून बहिणींना पाठवायची. ते लाहोरच्या बायकांच्या मासिकात छापून आलं आणि पुढे त्याचं पुस्तक झालं. तब्येतीमुळे कोर्स पुरा न करताच ती १९०७ मध्ये परतली. तरी ज्या बायका कधीच उंबरठ्याबाहेर पडणार नव्हत्या, त्यांच्यापर्यंत लंडन पोहोचलं. घरचे श्रीमंत होते, मान्य. पण एकशेवीस वर्षं होत आली, आणि तुमच्या घरात अजून हीच चर्चा चाललेली असेल, तर अब्बांना अतियाचं नाव सांगा.

आता शेवटचा मुद्दा. लंडनमधल्या या गोष्टी फुकट का आहेत? सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा तिथं १८५० साली झाला. मधल्या काळात काही राष्ट्रीय संग्रहालयांनी तिकीट लावलं होतं. लोकांनी विरोध केला, वाद झाले, आणि २००१ पासून ती पुन्हा मोफत झाली. उलट गेल्या काही वर्षांत पैसे नाहीत म्हणून तिथली शेकडो ग्रंथालयं बंदही झालीत. म्हणजे फुकट काय आणि महाग काय, हे लोकांच्या रेट्यानं ठरतं. एकदा मिळालं की कायमचं मिळालं, असंही नाही.

आपल्याकडेही १९६७ चा महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायदा आहे. मग तुमच्या वॉर्डातलं वाचनालय किती वाजता उघडतं? तिथं मुली बसू शकतात का? स्वच्छतागृह आहे का? उर्दूची आणि स्पर्धा परीक्षेची पुस्तकं आहेत का? हे प्रश्न विचारायला व्हिसा लागत नाही.

तोपर्यंत सराव करा. कंधारचा किल्ला, उदगीरचा किल्ला, औशाचा किल्ला पाहून या. मग नांदेडहून रेल्वेनं हैदराबादला जा, सालारजंग म्युझियम पाहा, आणि १८९१ सालच्या जुन्या आसफिया ग्रंथालयात तासभर बसून वाचा. आपला मराठवाडा १९५६ पर्यंत त्याच राज्यात होता. डबा घरचा न्या, चालत फिरा, खर्चाचा रुपया न् रुपया लिहून ठेवा. आणि परत आल्यावर दोन पानं लिहून आपल्या मासिकाकडे पाठवा, मराठीत, उर्दूत, जमेल तशी. पाहिलेलं काय, लागलेले पैसे किती, आणि जे तिथं होतं ते आपल्या गावात का नाही, एवढ्या तीन गोष्टी त्यात असू द्या. पहिलं पान एखाद्या मुलीकडून आलं तर मला जास्त आनंद होईल.