औषध देणारी बाई आणि डाकीण
(साकीनाका येथे कार्यकर्त्यांपुढे केलेले भाषण)



येथून जवळच, कुर्ला-अंधेरी रस्त्यावर, जरीमरी आहे. जरीमरी ही साथीच्या रोगांची देवी. पटकीने माणसे दगावू लागली की आपले पूर्वज तिला साकडे घालीत. त्या श्रद्धेची मी टवाळी करणार नाही. मृत्यूचा दोष देवीच्या कोपावर गेला, तर निदान शेजारणीचा जीव वाचतो. तो दोष माणसावर आला म्हणजे काय होते, हे सातपुड्यातील पाड्यांनी पाहिले आहे. तेथे अशा बाईला डाकीण म्हणतात.

ती बहुधा विधवा असते, एकटी असते, जमिनीचा तुकडा बाळगून असते. कधी झाडपाल्याचे औषधही जाणते. जिला बरे करता येते तिला आजारीही पाडता येत असणार, असा हा तर्क! दहा मुले बरी झाली तर तो तिचा हातगुण, अकरावे दगावले की करणी. हे खूळ केवळ आदिवासींचे, असे मात्र कोणी समजू नये. स्कॉटलंडमधील ॲग्नेस सॅम्पसन ही सुईणपण व औषधोपचार करणारी बाई. राजाच्या जहाजांवर तिने वादळ आणले असा आळ घेऊन, छळाने कबुली वदवून, 1591 साली तिला मारून जाळले. चौकशीला खुद्द राजा सहावा जेम्स बसला होता.

ऑगस्ट 2013 मध्ये डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला, तेव्हा कुठे जादूटोणाविरोधी कायदा आला. करणीचा आळ घेऊन एखाद्याचे जगणे मुश्कील करणाऱ्यास सहा महिने ते सात वर्षे कैद आहे. सर्पदंश झालेल्यास दवाखान्यापासून रोखून मंत्र घालणे, हाही त्याच कायद्याने गुन्हा. तरीही 2021 च्या ऑगस्टमध्ये चंद्रपूर जिल्ह्यातील वणी खुर्द येथे वृद्ध स्त्री-पुरुषांना भर चौकात बांधून मारण्यात आले.

आता थोडे आपल्याविषयी. अंधश्रद्धेवर बोलताना आपण पाला वाटून देणाऱ्या बाईला आणि दवाखान्याची वाट अडविणाऱ्या भगताला एकाच मापाने मोजतो. उद्या जमाव तिच्या दारात आला, तर तिची बदनामी आपणच आधी करून ठेवलेली असते. लोक तिच्याकडे जातात, कारण डॉक्टर लांब असतो. आळ आल्याच्या पहिल्याच दिवशी तिच्यासोबत पोलीस ठाण्यात जायला हवे. कायद्याने दक्षता अधिकारी नेमलेले आहेत, त्यांना गाठायला हवे. तुमच्यापैकी पुष्कळजण शिमग्याला गावी जाल. आरोग्य केंद्रात डॉक्टर राहतो की नाही, एवढे पाहून या आणि पुढच्या बैठकीत सांगा.