पोटातले ओठांवर



माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. भाषण मी कधी केलेले नाही. चिटणीसबाई म्हणाल्या, "लोणच्यापापडांच्या कृती पुष्कळ झाल्या, यंदा तू मनातले काही बोल." म्हणून उभी राहिले. चुकले तर सांभाळून घ्या.

माझे माहेर लातूरकडचे, किल्लारीजवळचे. २९ सप्टेंबर १९९३ ला अनंत चतुर्दशी होती. गणपती बोळवून आम्ही उशिरा झोपलो. दाराजवळ गार वारा येई, म्हणून धाकट्या भावाशी भांडून ती जागा मी घेतली. तो भिंतीकडे झोपला. पहाटे तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी धरणी हलली. आमच्याकडची घरे दगडमातीची, भिंती रुंद, वर मातीचे जड माळवद. ते सारे झोपेतल्या माणसांवर आले. त्या भूकंपात दहा हजारांच्या आसपास माणसे गेली. मला कुणीतरी दारातून ओढून काढले. भाऊ सापडला तो दुसऱ्या दिवशी.

मी बारा वर्षांची होते. पुढे पत्र्याच्या शेडमध्ये राहताना जो तो सांगे, "तू रडू नकोस, मायकडे बघ." मी रडले नाही. "पोर किती समजूतदार!" म्हणून शाबासकी मिळाली. जागेवरून भांडलेले मात्र कुणाला सांगितले नाही.

लग्न होऊन दिव्यात आले. जलद गाडी गेली की आपली तावदाने थरथरतात. तुम्हाला त्याचे काही वाटत नाही. मी कित्येक वर्षे चप्पल उशाशी ठेवून झोपे. मुलांना भिंतीकडे झोपू देत नसे, त्यावरून यजमानांशी वादही होत. दर गणपतीत पोट दुखे. तपासण्या झाल्या, निघाले काहीच नाही.

दोन वर्षांपूर्वी आपल्या शेजारच्या एका मुलीचे वडील गेले. (तिच्या आईला विचारूनच सांगते आहे.) दहा वर्षांची पोर आल्यागेल्याला पाणी देत होती, चहा देत होती. बायका म्हणाल्या, "किती समजूतदार!" तो शब्द ऐकला नि माझ्या अंगावर काटा आला. पुढे एक दिवस तिला घरी आणले, वालाच्या शेंगा सोलायला बसवले. तिला काही विचारले नाही. माझ्याच भावाचे सांगितले, त्या जागेसकट. तीस वर्षांत प्रथमच. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "काकी, त्या दिवशी मी बाबांशी रुसले होते." मग रडली. मीही रडले. शेंगा तशाच राहिल्या.

त्या दिवाळीत माहेरी जाऊन मायला सांगितले. ती भाकरी थापत होती. हात थांबला. म्हणाली, "अगं, त्याला भिंतीकडं मीच सरकवलं होतं. वारं लागंल म्हणून." आम्ही दोघी एकच ओझे वेगवेगळे वाहत होतो, तेही एकमेकींपासून लपवून!

जुनी जखम कशाला उकरायची, असे काही जणी म्हणतील. मीही तसेच म्हणत असे. पण आपल्या आज्या काय करीत? पहाटे जात्याला सारे सांगत. हेमा राईरकर आणि गी पॉइटवां यांनी अशा लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. आता पीठ गिरणीतून येते, मग बोलायचे कुणाशी? पोराला खोदून खोदून विचारू मात्र नये. जवळ बसावे, त्याचे ते बोलेल. चित्र काढील, खेळात दाखवील. झोप उडाली, खाणे सुटले, तर जाणत्याकडे न्यावे. ठाण्याला डॉ. आनंद नाडकर्णींनी १९९० मध्ये सुरू केलेली आय.पी.एच. संस्था आहे. सरकारचा १४४१६ हा फोनही २०२२ पासून आहे, पैसे पडत नाहीत, मराठीतही बोलता येते.

माझी पोटदुखी अगदी गेली, असे म्हणणार नाही. गेल्या अनंत चतुर्दशीला ढोल वाजत होते तेव्हा दार उघडे ठेवून बसले, एवढे खरे. ती मुलगी अजून शनिवारी येते. कधी बोलते, कधी नुसत्याच शेंगा सोलते.